माहिती प्रणालीची परिवर्तनक्षमता

कामाच्या ठिकाणची माहिती प्रणाली, म्हणजे गेटवरचे आवक-जावक रजिस्टर, सुपरवायझरच्या खिशातली वही, हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि हे सारे भरणारी माणसे, बदलत्या परिस्थितीनुसार बदलता येण्याचा गुण. यंत्र झिजते, प्रणाली जागच्या जागी राहते आणि भोवतालचे नियम, बाजार पुढे सरकतात. वापरातली प्रणाली सतत सुधारली नाही तर तिची उपयुक्तता घटत जाते, हे संगणकशास्त्रज्ञ मायर लेहमन यांनी १९७४ मध्ये नियमरूपाने मांडले.

नाशिकमधले बोलके उदाहरण कारखान्यातले नाही, द्राक्षबागेतले आहे. युरोपला माल पाठवण्यासाठी बागायतदाराला आपला प्लॉट कृषी विभागाकडे नोंदवावा लागतो. काढणीआधी नमुना घेऊन प्रयोगशाळेत औषधांचे उर्वरित अंश तपासतात. अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाच्या ‘ग्रेपनेट’ या ऑनलाइन प्रणालीवर या नोंदी जोडलेल्या असल्याने परदेशात पोचलेल्या पेटीवरून थेट बाग शोधता येते. इतकी चोख व्यवस्था असूनही २०१० च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षे अडकली. कारण ठरले क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांच्या बोलीतले ‘सीसीसी’. वेलीची शेंडेवाढ रोखण्यासाठी ते वापरत. तिकडची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, आणि इकडच्या तपासणीच्या यादीत त्याचे नावच नव्हते. अहवालात खोटे काही नव्हते. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे बरोबर होती, एक प्रश्न विचारायचा राहिला होता. पुढे यादी वाढवण्यात आली.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांना असे धक्के तारीख सांगून बसले : १ जुलै २०१७ रोजी जीएसटी, १ एप्रिल २०२० रोजी वाहनांसाठी बीएस-६ हे धूर-प्रदूषणाचे मानक.

प्रणाली मागे पडल्याची पहिली खूण बहुधा ‘शेरा’ रकान्यात दिसते. फॉर्ममध्ये न बसणारे सगळे तिथे कोंबले जाते. तोही भरला की कच्ची वही निघते, हल्ली एक्सेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. वरिष्ठ याला बेशिस्त म्हणतात, पण नव्या प्रणालीचा आराखडा बऱ्याचदा त्याच वहीत सापडतो.

जुने पुसून टाकणे मात्र परवडत नाही. जीएसटीआधीच्या व्हॅटच्या वर्षांचा वाद निघाला तर व्हॅटच्याच नोंदी लागतात, आणि बीएस-४ गाड्या रस्त्यावर आहेत तोवर त्यांच्या सुट्या भागांचे क्रमांक स्टोअरच्या यादीतून काढता येत नाहीत.