‘कोड तर जुनाच आहे’ : रिग्रेशन टेस्टिंगची पार्श्वभूमी

नागपूरचं मिहान असो की परसोडीचा आयटी पार्क, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नव्याने रुजू झालेल्याच्या वाट्याला बहुधा रिग्रेशन येतं. कालपर्यंत चालत होतं ते नव्या बिल्डमध्येही, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नव्या तयार आवृत्तीतही, चालतंय ना, हे पुन्हा पुन्हा पाहायचं. काम कंटाळवाणं, म्हणून रिलीजची तारीख अंगावर आली की कात्री आधी त्यालाच लागते.

४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन ५ रॉकेट पहिल्यांदाच उडालं आणि सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर आधीच्या एरियन ४ रॉकेटवरून घेतलेलं, तिथे बिनतक्रार चाललेलं. आडव्या वेगाशी निगडित एक ६४ बिटांची संख्या त्यात १६ बिटांत बसवली जाई, जिथे ३२,७६७ च्या पुढे जागा नसते. एरियन ४ ची संख्या कधी तिथवर गेलीच नाही. एरियन ५ चा आडवा वेग जास्त होता, त्याची गेली. राखीव संगणकातही तेच सॉफ्टवेअर असल्याने मुख्य आणि राखीव दोन्ही संगणक बंद पडले. त्यातही कहर म्हणजे गणिताचा तो भाग उड्डाणानंतर एरियन ५ ला लागतच नव्हता! नव्या उड्डाणमार्गाचे आकडे घालून जमिनीवर चाचणी झाली असती तर दोष सापडला असता, असं चौकशी समितीने नोंदवलं.

१ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीने नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरवर चढवला. आठव्यावर २००३ पासून न वापरलेला जुना भाग शिल्लक होता. २००५ मध्ये त्याच्या आजूबाजूचा कोड बदलला, पण त्या भागाची पुन्हा चाचणी कोणी घेतली नव्हती. नव्या कोडने जुनाच फ्लॅग (एखादा भाग चालू-बंद करणारी खूण) वापरला, त्यामुळे तो भाग जागा झाला आणि भरमसाट ऑर्डर सोडत सुटला. ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. पुढच्याच वर्षी कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

आपल्याकडे हेच साध्या रूपात दिसतं. तापमानाच्या रकान्याला ४५ अंशांची कमाल मर्यादा घालून पुण्यासाठी लिहिलेली प्रणाली तिथे खुशाल चालेल. नागपूरच्या मे महिन्यात मात्र ती खरी नोंदच चूक ठरवून नाकारेल. ४४, ४५ आणि ४६ अशा तीन नोंदी टाकून पाहायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पण त्या आधी टेस्ट केसमध्ये, म्हणजे काय टाकून काय तपासायचं याच्या यादीत, लिहिलेल्या असाव्या लागतात, आणि ‘कोड तर जुनाच आहे’ म्हणून नेमक्या त्याच लिहिल्या जात नाहीत.