फुल टॉवर कॅबिनेट

डेस्कटॉप संगणकाचे सुटे भाग ज्या उभ्या पेटीत बसवतात, तिचा सर्वांत मोठा प्रकार. उंची साधारण ५५ ते ७५ सेंमी असते आणि घनफळ बहुधा ६० लिटरच्या पुढे जाते. ‘फुल टॉवर’ ही मापाने बांधलेली संज्ञा मात्र नव्हे. उत्पादक ती आपापल्या सोयीने लावतात, त्यामुळे एका कंपनीचे मिड टॉवर (मधल्या आकाराची पेटी) दुसरीच्या फुल टॉवरपेक्षा ऐसपैस निघू शकते. खोक्यावरचे नाव बाजूला ठेवून तपशीलपत्रकातले मिलिमीटर वाचावेत.

प्रमाणीकरण झाले आहे ते मदरबोर्डाचे, म्हणजे सगळे भाग जिच्यावर जोडतात त्या मुख्य पाटीचे. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स मानक आणले आणि बोर्डाचा ३०५ × २४४ मिमी हा आकार, स्क्रूंच्या भोकांच्या जागा, मागच्या पोर्टांच्या खिडकीचे माप हे सगळे ठरून गेले. एटीएक्स बोर्डावर कार्डांसाठी जास्तीत जास्त सात स्लॉट असतात, दोन स्लॉटमधले अंतर २०.३२ मिमी. फुल टॉवरच्या पाठीवर मात्र आठ, नऊ किंवा त्याहून जास्त स्लॉटपट्ट्या दिसतात. त्या शोभेच्या नाहीत. शेवटच्या स्लॉटमध्ये दोन स्लॉट जाडीचे कार्ड लावले की ते बोर्डाच्या खालच्या कडेबाहेर येते, आणि तिथे आठवी पट्टी लागतेच.

मोठ्या बोर्डांच्या बाबतीत गोंधळ आहे. कागदोपत्री ई-एटीएक्स म्हणजे ३०५ × ३३० मिमी. प्रत्यक्षात २७० ते २८० मिमी रुंदीचे बोर्डही त्याच नावाने विकले जातात, आणि कॅबिनेटच्या जाहिरातीतले ‘ई-एटीएक्स चालतो’ हे वाक्य बरेचदा याच अरुंद बोर्डांपुरते खरे असते. पूर्ण रुंदीचा बोर्ड लावल्यावर केबलींसाठी ठेवलेली रबरी तोंडे त्याच्याखाली झाकली जातात. सर्व्हरसाठीच्या एसएसआय-ईईबी बोर्डाचा आकार तोच असला, तरी काही भोकांच्या जागा वेगळ्या असतात.

जमिनीवर उभे राहणारे टॉवर रुळले ते १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. आयबीएमने १९८७ मध्ये काढलेली पीएस/२ मालिकेतली मॉडेल ६० आणि ८० ही यंत्रे त्यांपैकी ठळक. पुढे सीडी ड्राइव्ह, टेप ड्राइव्ह आणि हार्ड डिस्कसाठी सव्वापाच आणि साडेतीन इंची कप्प्यांची उतरंड हेच मोठ्या कॅबिनेटचे प्रयोजन होते. एसएसडी (चिपवर साठवण करणारी डिस्क) थेट मदरबोर्डावर जाऊन बसू लागल्यावर कप्पे ओस पडले. त्यांची जागा रेडिएटर (पाण्याच्या कूलिंगमधली उष्णता बाहेर टाकणारी जाळी) आणि लांबलचक ग्राफिक्स कार्डांनी घेतली. कॉर्सेअरचे २०१८ चे ऑब्सिडियन १०००डी हे या वाटेचे टोक म्हणता येईल: एकाच पेटीत दोन स्वतंत्र संगणक, आणि रिकाम्या पेटीचेच वजन ३० किलोच्या आसपास.

एक ग्राफिक्स कार्ड, बोर्डावरच्या एक-दोन एसएसडी आणि प्रोसेसरवर हवेचा कूलर एवढाच ऐवज असेल, तर फुल टॉवर घेणे म्हणजे निव्वळ जागा अडवणे. त्याची खरी गरज ४२० किंवा ४८० मिमीचे रेडिएटर, स्वतः नळ्या जोडून केलेली पाण्याची कूलिंग, सात-आठ हार्ड डिस्क किंवा पूर्ण रुंदीचा बोर्ड यांपैकी काही असेल तेव्हाच पडते. आत हात सहज फिरतो, हा फायदा जोडणीच्या दिवसापुरता; पेटी मात्र वर्षानुवर्षे पायांत राहते.

निवड करताना फसगत होते ती मापे सुटी सुटी वाचल्याने. समजा, कॅबिनेटच्या पत्रकात ‘ग्राफिक्स कार्ड ४०० मिमीपर्यंत’ असे लिहिले आहे. हा आकडा बहुतेकदा पुढची बाजू मोकळी धरून काढलेला असतो. तिथे ३० मिमी जाडीचा रेडिएटर आणि त्यावर २५ मिमीचे पंखे लावले की ५५ मिमी गेले, उरले ३४५. आता ३३६ मिमीचे कार्ड बसेल खरे, पण मध्ये जेमतेम ९ मिमी फट राहील, आणि जाड रेडिएटर घेतला तर तीही नाही. वरच्या बाजूला हाच हिशेब रॅमच्या उंचीशी घालावा लागतो. चांगल्या मोठ्या कॅबिनेटमध्ये रेडिएटरची वरची चौकट बोर्डापासून काचेच्या बाजूला सरकवलेली असते, ती यासाठीच. एकाच पेटीत ‘पुढे ४८०, वर ४२०, खाली ३६०’ असे लिहिलेले असले, तरी तिन्ही एकाच वेळी मावतील असे नाही.

रुंदी हे सर्वांत दुर्लक्षित माप. पत्रकात ती ‘कूलरची कमाल उंची’ या रूपाने येते, कारण उभ्या बोर्डावरचा कूलर काचेच्या दिशेने आडवा येतो; आणि १६५ मिमी उंचीचा टॉवर कूलर मावतो म्हटल्यावर माणूस निश्चिंत होतो. पण मोठी ग्राफिक्स कार्डे स्लॉटपासून १५० मिमीपर्यंत बाहेर येतात आणि त्यांचा १६ पिनांचा पॉवर कनेक्टर याच कडेला असतो. केबल कनेक्टरमधून निघाल्यावर पहिले ३५ मिमी तरी वाकवू नये, असा संकेत आहे. बेरीज १८५ वर जाते. आतली रुंदी १७० असेल तर काच लावताना ती केबल दाबूनच बसेल, आणि नीट न बसलेल्या कनेक्टरात उष्णता साचून तो वितळल्याची उदाहरणे आहेत.

पेटी मोठी म्हणजे संगणक थंड, ही समजूत चुकीची आहे. आतली साठलेली हवा काही मिनिटांत तापते. त्यानंतर दर मिनिटाला किती हवा आत येते आणि बाहेर जाते, एवढाच प्रश्न उरतो. पुढे सलग काच आणि कडेला बोटभर फट असलेल्या पेटीत पंख्यांची रांग लावूनही उपयोग बेताचाच. साधी जाळी असलेली लहान पेटी तिला मागे टाकते. मोठेपणाचा लाभ आहे तो आवाजात. १४० किंवा २०० मिमीचे पंखे कमी फेऱ्यांत तेवढीच हवा ढकलतात, आणि पंख्याची गती निम्मी केली की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. हवा आत घेणाऱ्या पंख्यांचा जोर बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडा जास्त ठेवला तर धूळ फिल्टरवर अडते; उलट केले तर ती प्रत्येक फटीतून शिरते. फिल्टर धुतलेच नाहीत तर हा फायदा काही महिन्यांत संपतो.

जोडणीची सुरुवात स्टँडऑफपासून होते. हे पितळी खुंट बोर्डाला पत्र्यापासून उचलून धरतात. बोर्डाच्या भोकाखाली नसलेला एखादा जादा खुंट राहून गेला, तर तो बोर्डाच्या मागच्या झाळलेल्या टाक्यांना टेकून शॉर्ट करतो, म्हणून आधी बोर्ड वर धरून भोके जुळवून पाहावीत. स्क्रू दोन जातींचे असतात: एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचा ६-३२, अडीच इंची एसएसडीला बारीक आट्यांचा एम३. अदलाबदल केल्यास आटे झिजतात. प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची केबल रेडिएटर चढवण्यापूर्वीच ओवून घ्यावी. बोर्डाचा तो वरचा कोपरा नंतर बोटांना सापडत नाही.

इथेच फुल टॉवरची खास अडचण पुढे येते. एसएमपीएस तळाशी, ही केबल वरच्या कोपऱ्यात, आणि वाट बोर्डाच्या पाठीमागून वळसा घालून. मिड टॉवरला पुरणारी ६५ सेंमीची केबल इथे तोकडी पडू शकते. अशा वेळी जोडकेबल घ्यावी किंवा त्याच मॉडेलसाठी बनवलेली लांब केबल घ्यावी. दुसऱ्या कंपनीच्या मॉड्युलर (सुट्या केबलींच्या) एसएमपीएसची केबल कधीही लावू नये. तिचे टोक खोबणीत बिनतक्रार बसते, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी कोणत्याही मानकाने ठरवलेली नाही, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की डिस्क जागच्या जागी जळते.

पुढच्या पॅनेलच्या बारीक वायरींत बटणांना उलटसुलट चालते, दिव्यांना नाही. दिवा लागत नसेल तर वायर फिरवून लावली की काम होते. हार्ड डिस्क अनेक असतील तर रबरी बैठका वगळू नयेत. मिनिटाला ७२०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १२०, आणि त्या कंपनाने बाजूचा मोठा, पातळ पत्रा घुमू लागतो. काढलेली काच फरशीवर उभी करू नये. टेम्पर्ड काच मधल्या भागात दणकट, पण कडेला नाजूक असते. सिरॅमिकच्या टणक पृष्ठभागावर कोपरा टेकला की अख्ख्या काचेचा चुरा होऊ शकतो.

भरलेले कॅबिनेट २५ किलोच्या पुढे सहज जाते, तेव्हा ते उचलायला दोघे लागतात. वाहनातून न्यायचे असेल तर ग्राफिक्स कार्ड आणि वजनदार टॉवर कूलर काढून वेगळे बांधावेत, काच उतरवावी आणि पेटी बोर्ड खालच्या अंगाला येईल अशी आडवी ठेवावी.