टायरमधील हवेचा दाब : रस्ता सोडून गाडी चालवताना

वाळू, चिखल, खडक, बर्फ किंवा खडीची वाट यांवरून जाताना टायरमधली हवा डांबरी रस्त्यापेक्षा कमी ठेवतात. किती कमी, हे जमीन, गाडीवरचा भार, टायरचा प्रकार आणि वेग यांवरून ठरते. हा दाब पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) किंवा बारमध्ये मोजतात. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय.

हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो. जमिनीला टेकणारा त्याचा ठसा रुंदीत थोडाच वाढतो. वाढतो तो मुख्यतः लांबीत. दोन टनांच्या गाडीच्या एका चाकावर ५०० किलो भार धरला, तर ३५ पीएसआयला ठसा साधारण २०० चौरस सेंटिमीटर आणि १८ पीएसआयला त्याच्या जवळजवळ दुप्पट येतो. हा हिशेब ढोबळ आहे, कारण भाराचा काही वाटा टायरची जाड बाजूही पेलते. म्हणूनच जड भारासाठी बनवलेले कडक टायर तेवढ्याच दाबाला कमी पसरतात आणि त्यांतली हवा आणखी उतरवावी लागते.

या उपायाचा खरा कस वाळूत लागतो. भरलेला टायर वाळूत खोल जातो, पुढे ढीग ढकलत राहतो आणि इंजिनाची ताकद त्या ढिगाशी झुंजण्यातच संपते. डांबरावर हवा कमी केली की गाडी जड चालते, वाळूत मात्र हलकी चालते. १९२०–३०च्या दशकांत ब्रिटिश लष्करी अधिकारी राल्फ बॅग्नॉल्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी लिबियन वाळवंटात साध्या मोटारी दूरवर नेल्या, त्यांत टायरची हवा कमी करणे हा महत्त्वाचा भाग होता. दुसऱ्या महायुद्धातल्या डीयूकेडब्ल्यू या जमीन-पाण्यावर चालणाऱ्या अमेरिकी ट्रकमध्ये तर चालकाला बसल्या जागेवरून दाब बदलता येत असे.

मध्यम वजनाच्या फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या) गाडीसाठी वाळूत १८ पीएसआयपासून सुरुवात करणे योग्य. इंजिन दमू लागले तर १५ पर्यंत उतरावे. चाक रुतल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहिले की चाक स्वतःचाच खड्डा खणते. तिथे थांबून आणखी दोन-तीन पीएसआय काढणे जास्त उपयोगी. १५च्या खाली मात्र वळण हळू आणि मोठे घ्यावे. दाब फार कमी असताना झटक्यात वळले, तर टायरची रिमवर बसलेली कड सुटते आणि सगळी हवा निघून जाते. ही कड आवळून धरणाऱ्या बीडलॉक रिम असतील तर एक अंकी दाबही चालतो. आइसलँडच्या हिमनद्यांवर प्रचंड टायरच्या गाड्या मऊ बर्फात अवघ्या दोन-तीन पीएसआयवर चालवतात.

खडकावर १८ ते २२ पीएसआयचा टायर दगडाभोवती वाकून पकड घेतो. पण त्याची बाजू बाहेर फुगते आणि धारदार कपारीला लागून फाटू शकते. हवा उतरली की गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंचीही थोडी कमी होते. खडीच्या किंवा आडव्या लाटा उठलेल्या वाटेवर नेहमीच्या दाबातून पाचवा-चौथा हिस्सा कमी करणे पुरते. हादरे कमी होतात, दगडाने टायर फुटण्याचा धोकाही घटतो. चिखलाला एकच नियम लावणे चूक आहे. खोल, बुड नसलेल्या चिखलात पसरलेला टायर तरतो. वरचा थर पातळ आणि खाली टणक जमीन असेल, तर भरलेला टायर तो थर कापून खाली पकड शोधतो.

हवा कमी केली की वेगही कमी करायलाच हवा, आणि या बाबतीत तडजोड करू नये. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, त्यामुळे तापतो. १८ पीएसआयच्या आसपास ताशी ३०–४० किलोमीटर ही मर्यादा धरावी. वेगात चाललेला असा टायर आतून निकामी होतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

दाब नेहमी टायर थंड असताना मोजावा. ३५ पीएसआयच्या टायरमध्ये तापमान १० अंश सेल्सिअसने चढले की दाब दीड पीएसआयहून थोडा जास्त वाढतो. त्यामुळे गरम टायरचा आकडा पाहून हवा काढली, तर गार झाल्यावर टायर ठरवल्यापेक्षा ढिला निघतो. मागे सामान लादले असेल, तर मागच्या चाकांत पुढच्यापेक्षा दोन-चार पीएसआय जास्त ठेवावेत.

हवा काढायला काही मिनिटे पुरतात, भरायला बराच वेळ लागतो. म्हणून कॉम्प्रेसर सोबत नसेल तर हवा उतरवूच नये. पक्का रस्ता लागताच, वेग घेण्याआधी, चारही टायर भरावेत आणि भरताना त्यांच्या गाडीकडच्या बाजूला चिरा पडल्या आहेत का, हे हात फिरवून तपासावे.