यलोस्टोनचे लांडगे : हाकलण्यापासून परत आणण्यापर्यंत

अमेरिकेत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान १८७२ साली झाले, पण लांडग्याला तिथे अभय मिळाले नाही. एल्क (मोठ्या जातीचे हरीण) आणि इतर हरणे जपायची, त्यांना खाणारा लांडगा मारायचा, अशी त्या काळची सरळ समजूत होती. उद्यानाबाहेर गुरे पाळणाऱ्यांचा राग वेगळाच. बंदुका, सापळे आणि स्ट्रिकनीन हे विष भरलेले मांस यांनी काम उरकले. १९२६ मध्ये उद्यानातली शेवटची पिल्ले मारली गेली. हे चोरट्या शिकाऱ्यांचे कृत्य नव्हते. राखणदारांनीच लांडगा संपवला, आणि मला या इतिहासातली सर्वांत जड गोष्ट हीच वाटते.

मग एल्क वाढले. त्यांच्या चरण्याने नदीकाठच्या विलो आणि ॲस्पेन या झाडांचे कोंब वर येईनात. उद्यानाने स्वतःच एल्क कमी करायला घेतले. १९६१-६२ च्या एका हिवाळ्यात चार हजारांहून अधिक एल्क हटवले, बहुतेक गोळ्या घालून. लोक संतापले आणि त्या दशकाच्या अखेरीस हा प्रकार थांबला. यलोस्टोनमध्ये लांडगे सोडायला हवे होते, हे अमेरिकन वन्यजीव-अभ्यासक आल्डो लिओपोल्ड यांनी १९४४ मध्येच लिहून ठेवले होते.

१९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याने लांडग्याला संरक्षण दिले, पण विरोधही वाढवला. वासरावर झडप घालणाऱ्या लांडग्यालाही हात लावता येणार नसेल, तर कोणता पशुपालक त्याला शेजारी घेईल? १९८२ च्या दुरुस्तीने यातून वाट काढली. मुद्दाम सोडलेल्या प्राण्यांना ‘प्रायोगिक’ ठरवून नियम सैल करण्याची मुभा मिळाली, म्हणजे गुरांवर हल्ला करताना दिसलेला लांडगा मालकाला मारता येणार होता. अनेक निसर्गप्रेमींना ही तडजोड बोचली. माझ्या मते तिच्यावाचून एकही लांडगा आला नसता.

जानेवारी १९९५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टाहून १४ लांडगे आले. लगेच सोडले तर ते घराच्या दिशेने निघून जातील, म्हणून सुमारे दहा आठवडे जाळीच्या आवारात ठेवले. मार्चमध्ये दार उघडले, तरी ते बाहेर पडेनात. माणसे त्याच दाराने मांस घेऊन येत, म्हणून ते दार टाळत. शेवटी एका आवाराच्या जाळीलाच भोक पाडावे लागले. पुढच्या वर्षी ब्रिटिश कोलंबियातून आणखी १७ आणले.

या योजनेविरुद्धचे खटले मात्र चालूच होते, आणि फिर्यादींत शेतकरी संघटना होत्या तसे काही संवर्धनवादीही होते. डिसेंबर १९९७ मध्ये एका संघीय न्यायाधीशाने ‘प्रायोगिक’ दर्जा बेकायदा ठरवून लांडगे हटवायला सांगितले, पण अपिलापर्यंत आदेश स्थगित ठेवला. जानेवारी २००० मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. तोवर त्या ३१ लांडग्यांची पिल्लेही आई-बाप झाली होती.