आई कामावर, दूध फ्रीजमध्ये

शंभर वर्षांपूर्वी गिरणगावात बाळगोळी मिळायची. नाव गोंडस, आत अफू. गिरणीत जाणारी बाई पहाटे तान्ह्याला अंगावर पाजायची, गोळी चाटवायची आणि कामावर निघायची. पोर तासन्‌तास गुंगीत पडून राहायचं. १९२० च्या दशकात मुंबईच्या कामगार बायकांची पाहणी झाली, तेव्हा त्यांच्या बहुतेक तान्ह्या मुलांना अफू दिली जाते असं आढळलं होतं. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या आयांपुढे दुसरं काय होतं ते पाहायला हवं. गावची सासू कोकणात किंवा घाटावर राहिलेली, चाळीच्या खोलीत सांभाळायला कुणी नाही, आणि मूल गिरणीत न्यायचं तर कापसाच्या धुळीत, यंत्रांच्या खडखडाटात. बायका बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यात होत्या. तिथे जेवढं सूत तेवढा पैसा, म्हणजे पाजायला उठलं की मजुरी बुडाली.

नोकरीला परत जाण्याआधी दूध काढून ठेवण्याची जी तयारी आजची मुंबईकर आई करते, तिची गोष्ट माझ्या मते पंपापासून सुरू होत नाही. ती इथून, या खोलीतून सुरू होते. प्रश्न तोच आहे: मूल एकीकडे, पान्हा दुसरीकडे.

पहिलं उत्तर आलं ते रजेचं. बाळंतपणाच्या काळात कामगार स्त्रीला पैसे मिळावेत असं विधेयक कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात आणलं होतं, ते फेटाळलं गेलं. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात तसंच विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि त्याचा बोजा मुख्यतः सरकारने उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पण बाईच्या कामाचा फायदा मालकालाही होतो, तेव्हा त्यालाही हात झटकता येणार नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. १९२९ मध्ये कायदा झाला. देशातला या प्रकारचा तो पहिला. रोजचे आठ आणे, आणि बाळंतपणानंतरचे चार आठवडे. चार आठवड्यांत सव्वा महिनासुद्धा पुरा होत नाही, आणि आपल्याकडे बाळंतीण तेवढे दिवस खोलीतून बाहेर पडत नसे.

दुसरं उत्तर पाळणाघराचं. १९३४ च्या कारखाना कायद्यात त्याची तरतूद आली, १९४८ च्या कायद्यात ती पक्की झाली: पन्नासहून अधिक बायका असतील तर पाळणाघर हवंच. १९७६ मध्ये हा आकडा तीसवर आणला. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने रजा बारा आठवड्यांची केली आणि मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी दिली. या सगळ्या कलमांमागे एक चित्र आहे, मूल हाकेच्या अंतरावर असल्याचं. गिरणगावापुरतं ते खोटं नव्हतं. लालबाग-परळची चाळ आणि गिरणी यांत दोन गल्ल्यांचं अंतर, भोंगा वाजला की बाई घरी जाऊ शकत होती. कामगारांच्या बायकांसाठी १९२६ मध्ये सुरू झालेलं नौरोजी वाडिया प्रसूतिगृहही तिथेच, परळला. मात्र कायदा नीट बसेपर्यंत गिरण्यांमधल्या बायकांची संख्याच घसरत गेली. कधीकाळी त्या कामगारांच्या एक पंचमांश होत्या. पाळणाघर बांधण्यापेक्षा बाई न ठेवणं स्वस्त पडतं, हा हिशेब मालकांनी लवकर शिकून घेतला.

मग शहरच लांबलं. बायका फोर्टच्या बँकांत, नरिमन पॉइंटच्या ऑफिसांत, अंधेरीच्या सीप्झ या निर्यात वसाहतीत गेल्या आणि घरं बोरिवली, डोंबिवली, विरारला. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली मार्गावर पहिली लेडीज स्पेशल धावली, यावरूनच नोकरदार बायकांची गर्दी किती झाली होती ते कळतं. आता त्या दोन सुट्ट्यांचं काय करायचं? नरिमन पॉइंटहून डोंबिवलीला जाऊन, पाजून, परत येणारी बाई कुठल्या कलमात बसवायची?

व्यवहारात उत्तर निघालं डब्याच्या पावडरीचं. जन्मापासून अंगावर पिणारं मूल आई कामावर जायच्या आठवडाभर आधी बाटलीवर आणायचं, ही जणू रीतच झाली. शिवाय पावडर महाग, म्हणून ती पाणी घालून पुरवायची. याविरुद्ध मुंबईच्या बालरोगतज्ज्ञांनी आणि ग्राहक चळवळीने बरंच झगडून घेतलं. इथली अकॅश ही संस्था त्यात पुढे होती. १९९२ च्या कायद्याने दूध पावडर आणि बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी आली. कायद्याने पावडरीची भलामण थांबवली, पण आई दहा तास बाहेर असताना मुलाने काय प्यायचं, हे सांगणं त्याच्या कक्षेत नव्हतं.

ते उत्तर सापडलं शीवला, आणि ते शोधलं गेलं वेगळ्याच मुलांसाठी. १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी लोकमान्य टिळक रुग्णालयात, म्हणजे आपल्या सायन हॉस्पिटलात, मानवी दुधाची पेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. धारावी शेजारीच. दिवस भरण्याआधी जन्मलेली, अशक्त मुलं आणि त्यांना पाजू न शकणाऱ्या आया. इतर बाळंतिणींनी दिलेलं दूध तिथे ६२.५ अंश सेल्सिअसवर तीस मिनिटं तापवतात, जंतूंची तपासणी करतात आणि उणे वीस अंशांवर गोठवून ठेवतात. घरी आपल्याच मुलासाठी ठेवलेल्या दुधाला एवढे सोपस्कार लागत नाहीत. पण अंगावरचं दूध काढून, गोठवून, नंतर पाजता येतं आणि ते शिळं नसतं, हे या शहराला त्या पेढीमुळे पटलं असं मी मानते. उन्हातून आलेल्या बाईने पहिली धार टाकूनच द्यायची, असं सांगणाऱ्या आज्यांच्या घरात ही गोष्ट लहान नव्हती.

पंप त्यामानाने परका पाहुणा. अमेरिकेत १८५४ मध्येच त्याचं एक पेटंट निघालं होतं. १९२० च्या दशकात बुद्धिबळपटू एडवर्ड लास्कर याने विजेवरचा पंप बनवला. स्वीडनचे इंजिनिअर आयनार एग्नेल यांनी १९५६ पर्यंत त्याची ओढ आईला सोसेल इतकी सौम्य केली. घरी वापरण्याजोगे विजेचे पंप १९९० च्या दशकात आले. आपल्याकडे तोवर केमिस्टकडे काचेचा, रबरी फुग्याचा पंप मिळायचा. तो धुवायला कठीण, दुखायचाही. बहुतेक जणी हातानेच, उकळलेल्या वाटीत दूध काढत. बाळाला बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजत. डॉक्टर अजूनही बाटलीपेक्षा वाटी-चमचाच सांगतात.

२०१७ मध्ये १९६१ च्या कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर आणि आईला दिवसातून चार फेऱ्यांची मुभा आली. ऐकायला सहा महिने वाटतात, पण आठ आठवडे आधी घेतले तर हातात उरतात अठरा, म्हणजे जेमतेम चार महिने. आणि फेऱ्या घालायच्या त्या मुलाकडे. दूध काढायला बंद दाराची खोली द्या, असं त्या दुरुस्तीत कुठेच नाही. माझ्या वेळी ऑफिसात ती जागा सर्व्हर रूममध्ये होती. थंडगार, आणि कडी नव्हती.

खोलीला आपण नाव मात्र सुंदर दिलं. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी रात्री कडा उतरून गेलेली हिरकणी. तिच्या नावाचे कक्ष एसटी स्थानकांत, सरकारी कार्यालयांत आले. २०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात आमदार सरोज अहिरे तान्ह्या मुलाला घेऊन विधानभवनात आल्या, तेव्हा तिथला हिरकणी कक्ष धुळीने भरलेला असल्याची तक्रार त्यांनी केली. आमदारबाईंची ही कथा, मग एसटी स्थानकातल्या बाईने काय बोलावं!

ठेवणुकीचे नियम बाहेरून आले तेव्हा ते पंचवीस अंशांच्या खोलीत लिहिलेले होते: बाहेर चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस, फ्रीजरमध्ये सहा महिने उत्तम. मे महिन्यातल्या सहा-बारच्या बदलापूर लोकलला पंचवीस अंश ठाऊक नाहीत. म्हणून मुंबईकर आया बर्फाच्या पिशव्यांचा डबा घेऊन हिंडतात आणि बाटलीवर तारीख घालतात. ऑफिसच्या फ्रीजमध्ये सहकाऱ्यांच्या डब्यांमागे ती लपवतात. थंड दुधावर साय वेगळी तरंगते, ती पाहून घरचे ‘फाटलं’ म्हणून ओतून देतात, तेही शिकवावं लागतं: हलवायचं, कोमट पाण्यात ठेवायचं, गॅसवर चढवायचं नाही.

हे शिकवायचं असतं बहुतेक वेळा मुलाला सांभाळणाऱ्या मावशींना. १९२९ चा कायदा कारखान्यातल्या बायकांचा होता, १९६१ चा दहा माणसांच्या दुकान-ऑफिसापर्यंत पोचला, त्यातल्या सवलती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तशाच गेल्या. तीन घरची कामं करणाऱ्या मावशींना यातली एकही लागू होत नाही. त्यांचं स्वतःचं तान्हं असेल तर ते थोरल्या मुलीकडे असतं, आणि दूध दाटलं की दुसऱ्या घरच्या मोरीत, हाताने.