बोल्टच्या डोक्यावरचा आकडा आणि घरगुती हायड्रॉलिक प्रेस

घरच्या घरी हायड्रॉलिक प्रेस बांधताना प्रथम विचार होतो तो जॅक किती टनांचा घ्यावा याचा. बोल्टची निवड बहुधा शेवटी, हाताशी काय आहे ते पाहून केली जाते. वास्तविक २० टनांचा जॅक बेअरिंगला जितक्या बळाने खाली दाबतो, तितक्याच बळाने सांगाड्याची वरची तुळई वर ढकलतो आणि सुमारे १९६ किलोन्यूटनचे हे बळ मोजक्या बोल्टांतूनच खांबांत उतरते. हे बोल्ट पुरेसे मजबूत आहेत की नाहीत, हे ठरवण्याची रीत घडायला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला.

द्रवावरचा दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हे सतराव्या शतकात पास्कलने मांडले. त्यावरून जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये लंडनमध्ये प्रेसचे पेटंट घेतले. छोट्या दट्ट्याने लावलेले थोडे बळ मोठ्या दट्ट्यावर कैकपटीने वाढते, आणि यंत्रात जी जागा दुबळी असेल ती या वाढलेल्या बळाला टिकत नाही. वेल्समधील ब्रिटानिया पुलाची अजस्र लोखंडी नळी हायड्रॉलिक प्रेसने वर उचलली जात असताना, ऑगस्ट १८४९ मध्ये त्या प्रेसच्या ओतीव सिलिंडरचा तळच फुटून निघाला. नळी जसजशी वर जाईल तसतसे तिच्याखाली बांधकाम भरत जावे असा पुलाचा अभियंता रॉबर्ट स्टीफन्सनचा आग्रह होता, म्हणून ती काही इंचच खाली आली आणि पूल वाचला.

बोल्टचा इतिहासही याच कारखान्यांतून सुरू होतो. ब्रामाकडे काम केलेल्या हेन्री मॉड्स्लेने १८०० च्या सुमारास अचूक आटे पाडणारा लेथ उभा केला. त्यापूर्वी प्रत्येक नट त्याच्या जोडीच्या बोल्टलाच बसत असे. मॉड्स्लेच्याच हाताखाली शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये ५५ अंशांचा प्रमाणित आटा सुचवला, विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये अमेरिकेत ६० अंशांचा मांडला, आणि १८९८ मध्ये झुरिचच्या परिषदेत मेट्रिक आट्यांवर एकमत झाले. या सर्व प्रमाणांनी आट्याचा आकार ठरवला, पोलादाचा कस नव्हे. त्यामुळे एकाच मापाचे दोन बोल्ट दिसायला हुबेहूब असूनही एकाची ताकद दुसऱ्याच्या दुप्पट असू शकत होती.

ही उणीव विसाव्या शतकात डोक्यावरच्या खुणांनी भरून काढली. इंची बोल्टवर त्रिज्येच्या दिशेने जाणाऱ्या रेघा आल्या, पाचव्या ग्रेडला (ताकदीच्या श्रेणीला) ३ आणि आठव्याला ६, तर मेट्रिक बोल्टवर ४.६, ८.८, १०.९, १२.९ असे आकडे आले. ८.८ मधील पहिल्या आठाला शंभराने गुणले की ८०० मेगापास्कल (दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन) ही तुटण्याची ताकद मिळते, आणि बिंदूनंतरच्या आठानुसार तिच्या ०.८ पट, म्हणजे ६४० मेगापास्कलला, बोल्ट कायमचा ताणला जाऊ लागतो. खोट्या खुणांचे बोल्ट सर्रास विकले जाऊ लागल्याने अमेरिकेला १९९० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. यावरून त्या खुणेवर किती भिस्त होती ते कळते.

मात्र हा आकडा बोल्ट लांबीच्या दिशेने ओढून काढलेला आहे, आणि प्रेसमध्ये त्याला सहसा कोणी तसे ओढत नाही. तुळईची दोन चॅनेल (पन्हळीच्या आकाराचे पोलादी दांडे) खांबाच्या दोन्ही बाजूंना असतात आणि त्यांतून आडवा जाणारा बोल्ट दोन ठिकाणी कातरला जाऊ पाहतो. पूर्वी अशा जोडांत तापवून ठोकलेले रिव्हेट छिद्र भरून टाकत. पुढे १९३४ मध्ये ब्रिटनमधील संशोधक बाथो आणि बेटमन यांनी, मजबूत बोल्ट पुरेसे आवळले तर नुसत्या घर्षणानेही पत्रे सरकत नाहीत असे दाखवले. घरगुती प्रेसमध्ये या घर्षणावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्ण आवळलेला ८.८ चा एम-२०, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, बोल्ट साधारण ११० किलोन्यूटनने पत्रे दाबतो, पण घर्षणाचा गुणांक ०.२ धरला तरी प्रत्येक पृष्ठभागावर २२ किलोन्यूटनच हाती लागतात, आणि मध्ये रंग असेल तर त्याहून कमी.

म्हणून हिशेब कातरबलाचाच करावा. पोलादाची कातरताकद ओढताकदीच्या सुमारे ६० टक्के, म्हणजे ८.८ साठी ४८० मेगापास्कल धरतात. २० टनांच्या प्रेसमध्ये प्रत्येक खांबाशी एकच एम-२० बोल्ट असेल, तर त्याच्या दोन छेदांवर मिळून ९८ किलोन्यूटन येतात. छेद आटे नसलेल्या दांड्यातून जात असतील, तर ताण १५६ मेगापास्कल होतो आणि तिपटीची सुरक्षितता मिळते. आट्यांतून जात असतील, तर क्षेत्रफळ ३१४ वरून २४५ चौरस मिलिमीटरवर येते आणि ती अडीचपटीखाली उतरते. ४.६ चा तोच बोल्ट कदाचित तुटणार नाही, पण वाकून बसेल, ८.८ चा एम-१० मात्र तुटेलच. एका बाजूला दोन बोल्ट लावले, तरी छिद्रांतल्या ढिलाईमुळे सुरुवातीला एकटाच भार घेतो, त्यामुळे कागदावर दिसणारी दुप्पट ताकद लगेच खरी मानता येत नाही.

मग १२.९ चाच का घेऊ नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे. इतके कठीण पोलाद तुटण्यापूर्वी फारसे वाकत नाही, आणि त्यावर विजेने जस्ताचा मुलामा देताना आत शिरलेला हायड्रोजन त्याला ठिसूळ करून, आवळल्यानंतर काही तासांनीही अचानक तोडू शकतो. आधी वाकून इशारा देणारा जाड ८.८ बोल्ट मला इथे अधिक योग्य वाटतो. तो निवडताना पत्र्यांची जाडी मोजून, आटे नसलेला दांडा दोन्ही चॅनेलच्या बाहेरच्या कडेपर्यंत पोहोचेल एवढ्या लांबीचा घ्यावा आणि उरलेली जागा नटाखाली वॉशर घालून भरावी.