चिठ्ठ्या त्याच, विजेता वेगळा

२०२४च्या सप्टेंबरमध्ये बातमी आली आणि सिनेमावेड्यांमध्ये वाद पेटला. फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाच्या १३ जणांच्या समितीने २९ चित्रपटांमधून ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून ‘लापता लेडीज’ निवडला होता. त्याच वर्षी मे महिन्यात ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ने कान महोत्सवात ग्राँ प्री मिळवलं होतं. कानमधलं हे दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक, आणि तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट पोचला होता तोच मुळी तीस वर्षांनी. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये शिकलेल्या पायल कपाडियांचा हा चित्रपट का डावलला, असं कित्येकांनी विचारलं. मीही विचारलं. डिसेंबरमध्ये ऑस्करची १५ चित्रपटांची यादी जाहीर झाली, तीत ‘लापता लेडीज’ नव्हता, तेव्हा तर ‘बघा, आम्ही सांगत होतो’ म्हणणाऱ्यांना ऊत आला.

मराठी प्रेक्षकाची या वादात आणखी पंचाईत होती, कारण छाया कदम दोन्ही चित्रपटांत आहेत. एकीकडे रेल्वे स्टेशनवर चहाची टपरी चालवणारी फटकळ मंजूमाई. दुसरीकडे मुंबईच्या हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी पार्वती, जिला बिल्डर घरातून हुसकावतो आणि जी शेवटी रत्नागिरीकडे आपल्या गावी परतते. एकीला वर ठेवताना दुसरीवर अन्याय होतोय असं सारखं वाटत राहतं.

अशा वादांत आपण नेहमी ‘कोणी निवडलं’ यावर भांडतो. परीक्षक कोण होते, त्यांची आवड कशी, कोणाचं कोणाशी सख्य. ‘मतं मोजली कशी’ हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. मला मात्र तोच जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण एकाही परीक्षकाचं मत न बदलता, कसलाही घोळ न करता, फक्त मोजणीची पद्धत बदलली की विजेता बदलू शकतो. पटत नसेल तर वहीचं मागचं पान फाडून १५ चिठ्ठ्या करा. मी हे घरी जेवणाच्या टेबलावर करून पाहिलं आहे, दहा मिनिटं लागतात.

समजा स्पर्धेत तीन चित्रपट आहेत: एक युद्धपट, एक कुटुंबकथा, एक रहस्यपट. सहा चिठ्ठ्यांवर लिहा: युद्धपट पहिला, कुटुंबकथा दुसरी, रहस्यपट तिसरा. पाच चिठ्ठ्यांवर: रहस्यपट पहिला, कुटुंबकथा दुसरी, युद्धपट तिसरा. उरलेल्या चार चिठ्ठ्यांवर: कुटुंबकथा पहिली, रहस्यपट दुसरा, युद्धपट तिसरा. झाले आपले १५ परीक्षक.

आता फक्त पहिली पसंती मोजा, निवडणुकीत मोजतो तशी. युद्धपट सहा, रहस्यपट पाच, कुटुंबकथा चार. युद्धपट जिंकला. पण जरा थांबून बघा, नऊ जणांनी त्याला अगदी तळाला टाकलं आहे. पंधरातल्या नऊ जणांना सगळ्यात नावडलेला चित्रपट सर्वोत्कृष्ट ठरला!

म्हणून दुसरी पद्धत वापरू. कोणालाच निम्म्यांहून जास्त मतं नाहीत, तर सगळ्यात कमी पहिल्या पसंतीचा चित्रपट बाद करायचा आणि त्याच्या चिठ्ठ्या त्यांवरच्या दुसऱ्या पसंतीला द्यायच्या. कुटुंबकथा बाद होते, तिच्या चार चिठ्ठ्या रहस्यपटाकडे जातात. रहस्यपट नऊ, युद्धपट सहा. रहस्यपट जिंकला.

तिसरी पद्धत गुणांची. पहिल्याला दोन, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला शून्य. बेरीज करा: युद्धपट १२, रहस्यपट १४, कुटुंबकथा १९. आता कुटुंबकथा जिंकली, आणि तीही दणक्यात. एकास एक लढवून पाहिलं तरी ती युद्धपटाला ९ विरुद्ध ६ आणि रहस्यपटाला १० विरुद्ध ५ अशी हरवते. दुसऱ्या पद्धतीत सगळ्यांत आधी बाहेर फेकली गेली होती ती हीच.

चिठ्ठ्या त्याच १५. पद्धती तीन, विजेते तीन.

गुणांची पद्धत अठराव्या शतकात फ्रान्समध्ये झां-शार्ल द बोर्दा यांनी मांडली. दोघा-दोघांना लढवून बघण्याची कल्पना त्यांचेच समकालीन मार्की द कोंदोर्से यांची. कोंदोर्से यांनी १७८५मध्ये त्यातलाच एक चक्रावून टाकणारा पेच दाखवून दिला. तीन परीक्षक घ्या. पहिल्याचा क्रम अ, ब, क. दुसऱ्याचा ब, क, अ. तिसऱ्याचा क, अ, ब. दोघांच्या मते ‘अ’ हा ‘ब’पेक्षा सरस, दोघांच्या मते ‘ब’ हा ‘क’पेक्षा सरस, आणि तरीही दोघांच्याच मते ‘क’ हा ‘अ’पेक्षा सरस! दगड-कागद-कात्रीच्या खेळासारखं हे गोल गोल फिरत राहतं. प्रत्येक परीक्षकाचं डोकं ठिकाणावर आहे, पण तिघांचं मिळून डोकं ठिकाणावर राहत नाही.

पुढे १९५१मध्ये केनेथ ॲरो या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने यावर कळस चढवला. तीन किंवा अधिक पर्याय असतील आणि मतदार फक्त क्रम लावत असतील, तर न्याय्य वाटणाऱ्या मोजक्या साध्या अटी एकाच वेळी पाळणारी मोजणीची पद्धत असूच शकत नाही, हे त्याने गणिताने सिद्ध केलं. या अटी काही अवघड नाहीत. सगळ्यांना ‘अ’ हा ‘ब’पेक्षा आवडला तर निकालातही तो वर असावा, ‘अ’ आणि ‘ब’ यांच्यातला निकाल तिसऱ्याच ‘क’मुळे उलटू नये, एकट्याच माणसाच्या मर्जीने सगळं ठरू नये. एवढंच मागितलं तरी ते मिळत नाही. ॲरोला १९७२मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

हे सगळं ऑस्करला थेट लागू पडतं. २००६मध्ये ‘ब्रोकबॅक माउंटन’ला मागे टाकून ‘क्रॅश’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. त्या निकालावर चाहते अजून चिडलेले आहेत. तेव्हा या विभागात पाच चित्रपट असायचे आणि ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा प्रत्येक सदस्य एकाच नावावर खूण करायचा. म्हणजे आपल्या चिठ्ठ्यांची पहिली पद्धत. पाच चित्रपटांत मतं विभागली गेली तर २० टक्क्यांहून जेमतेम जास्त मतांवरही कोणी जिंकू शकतो. प्रत्यक्षात कोणाला किती मतं पडली ते अकादमी जाहीर करत नाही.

२००९च्या चित्रपटांपासून अकादमीने या विभागात दहा नामांकनं देणं सुरू केलं आणि मोजणीही बदलली. आता सुमारे दहा हजार मतदार पसंतीक्रम लावतात आणि तळाचा चित्रपट बाद करत करत मोजणी चालते, आपल्या दुसऱ्या पद्धतीसारखी. इतर विभागांत अंतिम फेरीत अजूनही एकच खूण. त्यामुळे दिग्दर्शकाचं ऑस्कर एका चित्रपटाला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं दुसऱ्याच, असं झालं की लगेच कोणाच्या तरी कारस्थानाचा वास घेण्याची गरज नाही. दोन विभागांत तराजूच वेगळे आहेत.

या नव्या पद्धतीबद्दल जाणकारही एक वाक्य नेहमी बोलतात: ‘यात कोणालाच न खुपणारा, सगळ्यांना बरा वाटणारा चित्रपट जिंकतो.’ मला हे अर्धंच खरं वाटतं. आपली कुटुंबकथा आठवा. सगळ्यांना बरी वाटणारी तीच होती, पण पहिल्या पसंतीची मतं कमी म्हणून ती पहिल्याच फेरीत गेली. या पद्धतीत तगून राहायला आधी जीव टाकणारे चाहते हवेत, आणि नंतर इतरांची दुसरी-तिसरी पसंती. नुसतं बरं असून भागत नाही.

महोत्सवांचं गणित निराळं. २०२५मध्ये रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं ग्रँड ज्यूरी पारितोषिक मिळालं, तेव्हा त्या विभागाची ज्यूरी तिघांची होती. तीन माणसं एकत्र बसून बोलू शकतात, एकमेकांचं मन वळवू शकतात. दहा हजारांना ते शक्य नाही. छोट्या ज्यूरीकडून धाडसी निवड होऊ शकते ती यामुळे. पण माणसं बदलली की निकालही सहज बदलू शकतो, तोही यामुळेच.

‘मग परीक्षक नकोतच, लोकांनाच विचारा,’ असं कोणी म्हणेल. पण लोकांची मतंही मोजावी लागतातच. रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरची टक्केवारी म्हणजे गुणांची सरासरी असा अनेकांचा समज असतो. ती असते अनुकूल मतांचं प्रमाण. सगळ्यांनी ‘ठीक आहे, बघायला हरकत नाही’ म्हटलं तर १०० टक्के. निम्म्यांनी आयुष्यभर लक्षात राहील म्हटलं आणि निम्मे उठून गेले तर ५० टक्के. आयएमडीबी या संकेतस्थळाची ‘टॉप २५०’ यादी दुसरी युक्ती वापरते. थोड्या मतांवर विश्वास टाकायचा नाही, म्हणून प्रत्येक चित्रपटाच्या खात्यात जणू काही सरासरी दर्जाची ठरावीक मतं आधीच टाकून ठेवायची. समजा ही आगाऊ मतं २५,००० आहेत आणि सरासरी ७ आहे. २५,००० लोकांनी ९ गुण दिलेला चित्रपट ८वर येतो. सव्वादोन लाख लोकांनी तेच ९ गुण दिलेला चित्रपट ८.८वर राहतो. संख्याशास्त्र म्हणून हे अगदी योग्य आहे. चार मित्रांनी दहा-दहा गुण देऊन कोणाला शिखरावर चढवू नये, यासाठीच ते आहे. पण मराठीतला एखादा उत्तम, छोटा चित्रपट जगभरातून एवढी मतं आणणार कुठून? तो यादीत नाही याचा अर्थ तो कमी आवडला असा नसतो. तो कमी जणांपर्यंत पोचलेला असतो.

शिवाय लोक स्वतंत्रपणे मत देतात हेही गृहीत धरता येत नाही. मॅथ्यू सॅल्गनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांचा एक प्रयोग २००६मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १४ हजारांहून जास्त लोक, अनोळखी बँडची ४८ गाणी. काहींना नुसती गाणी ऐकवली. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत टाकून, आपल्या गटातल्या इतरांनी कोणतं गाणं किती वेळा डाउनलोड केलं तेही दाखवलं. सुरुवात सगळीकडे शून्यापासून, गाणी तीच. एकट्याने ऐकणाऱ्यांत २६व्या क्रमांकावर असलेलं एक गाणं एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्या गटात चाळिसावं. फार चांगली गाणी सहसा अगदी तळाला गेली नाहीत आणि फार वाईट सहसा शिखरावर गेली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं.

टाळ्यांचंही असंच. कानमध्ये अमुक चित्रपटाला इतकी मिनिटं उभं राहून टाळ्या मिळाल्या, अशा बातम्या दरवर्षी येतात. रिचर्ड मान आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांवर टाळ्यांचा अभ्यास केला. सभागृहातले जितके जास्त लोक टाळ्या वाजवत असतील, तितकी आपलीही सुरू होण्याची शक्यता वाढते आणि थांबणंही तसंच पसरतं, असं त्यांना आढळलं. सादरीकरण किती चांगलं होतं त्याच्याशी टाळ्यांच्या लांबीचा फारसा संबंध दिसला नाही. टाळ्यांची मिनिटं मोजणाऱ्या बातम्या मी तेव्हापासून वाचणं सोडलं आहे.

आणि पुरस्कार मिळाल्यावर काय होतं? बालाझ कोव्हाच आणि अमांडा शार्की यांनी २०१४मध्ये ६४ इंग्रजी पुस्तकांवरचे वाचकांचे हजारो अभिप्राय तपासले. काही पुस्तकांना मोठा पुरस्कार मिळालेला, काही अंतिम यादीपर्यंत येऊन हुकलेली. पुरस्कारानंतर विजेत्या पुस्तकांचं रेटिंग हुकलेल्या पुस्तकांच्या तुलनेत घसरलं! एक मुख्य कारण असं, की आधी त्या प्रकारचं लेखन आवडणारेच ते पुस्तक उचलत होते. पुरस्कारानंतर केवळ पुरस्कारामुळे उचलणारे आले. त्यांना ते आवडण्याची शक्यता मुळातच कमी होती.

अभ्यास पुस्तकांचा असला तरी मला ते वाचताना २०१५च्या एप्रिलमधला थिएटरमधला एक खेळ आठवला. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ व्हेनिसमध्ये पारितोषिकं मिळवून आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आला होता. माझ्या शेजारी एक काका होते. पेपरात वाचून आलेले, इस्त्रीचा शर्ट, सोबत काकू. पडद्यावर कॅमेरा जागचा न हलता कोर्टातली माणसं बघत राही आणि काका माझ्याकडे बघत राहत. मध्यंतरात ते म्हणाले, “एवढं बक्षीस मिळालंय म्हणजे पुढे काहीतरी असेल ना?” त्यांचा राग यावा असं काही नव्हतं. त्यांना दिलेलं वचन त्या चित्रपटाने दिलेलंच नव्हतं, ते पुरस्काराने दिलं होतं. चित्रपट माझ्या अतिशय आवडीचा, पण त्या संध्याकाळी मला काकांचंही वाईट वाटलं.

या सगळ्यावर काळाचा उतारा असतो असं म्हणतात. ब्रिटनमधलं ‘साइट अँड साउंड’ मासिक १९५२पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांना सर्वकालीन श्रेष्ठ चित्रपट विचारतं. ‘सिटिझन केन’ला १९४१चं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं नव्हतं, या यादीत तो १९६२पासून २००२पर्यंत पाचही वेळा पहिला होता. २०१२मध्ये ‘व्हर्टिगो’ पहिला आला. २०२२मध्ये शांताल आकरमन यांचा ‘जान दिएलमान’. पण त्या दहा वर्षांत मतदारांची संख्याही ८४६वरून सोळाशेच्या वर गेली होती. म्हणजे काळाबरोबर मोजणारेही बदलले होते.

पुढची यादी २०३२ची. माझी २०२४ची चिठ्ठी मात्र मी त्याच वर्षी लिहून ठेवली आहे. पहिल्या क्रमांकावर ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’, वीज तोडलेल्या अंधाऱ्या खोलीत घराचे कागद शोधणाऱ्या पार्वतीसाठी. दुसऱ्यावर ‘लापता लेडीज’, मंजूमाईसाठी. तिसऱ्या ओळीशी पेन बराच वेळ थांबलं होतं. ती ओळ अजून कोरीच आहे.